लहान मुलांच्या कर्करोग-संशोधनासाठी पुण्यात निधी उभा करताना: नव्या कार्यकर्त्यांसाठी

सप्टेंबर हा बालकर्करोग जागृतीचा महिना. दरवर्षी या सुमारास आमच्या छोट्या संस्थेत नवी माणसं येतात. कुणाच्या बहिणीची मुलगी आजारी असते, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणी कंपनीतर्फे एक दिवस मदतीला येतं आणि मग येतच राहतं. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. संस्थेत पगारी माणूस नाही, जमलेला पैसा उपचाराला न जाता संशोधनाला जातो, आणि काम पुण्यात चालतं, एवढं धरून पुढचं वाचा.

आधी उत्तर तयार ठेवा: संशोधनालाच का?

वर्गणी मागायला गेलात की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणणारच, "अहो, पोरांच्या औषधाला द्या ना पैसे. संशोधन काय, अमेरिकेतले लोक करतील." प्रश्न रास्त आहे आणि विचारणारा बहुधा पैसे द्यायला तयार असतो. त्याला नीट उत्तर द्या.

१९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं आणि त्यांपैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. त्याआधी असं कुणी पाहिलं नव्हतं. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी बोस्टनमधल्या एका आजारी मुलासाठी रेडिओ कार्यक्रमातून लोकांना आवाहन झालं. संशोधनासाठी २० हजार डॉलर जमले तर त्या मुलाला टीव्ही मिळणार होता, जमले दोन लाखांच्या वर. जिमी फंड उभा राहिला तो तिथून. या आजारावरच्या संशोधनात वर्गणीचा पैसा अगदी सुरुवातीपासून आहे.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलामुलींना (वय ० ते १९) कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. औषधं बरीचशी तीच आहेत. मग फरक कुठे पडतो? निदान उशिरा होतं, केमोनंतर जंतुसंसर्ग होतो, कुटुंब उपचार अर्धवट सोडून गावी जातं, आणि तिकडे ठरलेला डोस इथल्या मुलाला सोसतोच असं नाही. या प्रश्नांची उत्तरं बोस्टनला सापडणार नाहीत. ती इथल्या मुलांच्या फायलींतून आणि इथल्या रक्ताच्या नमुन्यांतूनच शोधावी लागतात.

एक उदाहरण मी नेहमी सांगते, तुम्हीही सांगा. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे एएलएल, रक्ताचा कर्करोग. त्याच्या उपचारातला शेवटचा लांबलचक टप्पा म्हणजे मेंटेनन्स. त्यात घरी रोज ६-एमपी या केमोच्या औषधाची गोळी द्यायची असते. गोळी ५० मिलिग्रॅमची, आणि मूल चार वर्षांचं. डॉक्टर चिठ्ठीवर सोमवार ते शनिवार अर्धी, रविवारी पाव असं काहीतरी लिहून देतात आणि आई ते कॅलेंडरवर उतरवून काढते. काही मुलांचे रक्तपेशींचे काउंट एवढ्यानेही धाडकन खाली येतात, ताप येतो, पुन्हा ॲडमिट. याचं एक कारण जनुकात असतं. एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला एक बदल असेल तर हे औषध शरीरात विषासारखं साचतं. युरोपीय वंशाच्या मुलांमध्ये हा बदल क्वचित दिसतो, आशियाई मुलांमध्ये, त्यात आपलीही आली, तो बराच जास्त आढळतो. म्हणूनच तो आशियातल्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला, आणि तोही गेल्या दहा-बारा वर्षांत. हे सांगितल्यावर "अमेरिकेतले लोक करतील" असं सहसा कुणी म्हणत नाही.

स्वतःची संस्था लगेच काढू नका

उत्साहात पहिला विचार येतो तो नवा ट्रस्ट काढण्याचा, बहुतेकदा गेलेल्या मुलाच्या नावाने. त्यामागची भावना मी समजू शकते. तरीही माझा आग्रह राहील की आधी किमान एक वर्ष एखाद्या चालू संस्थेत काम करा. ट्रस्टची नोंदणी फार अवघड नाही, पण दरवर्षीचं लेखापरीक्षण, विवरणपत्रं, सभेची इतिवृत्तं हे सगळं नोंदणीनंतर कायम मागे लागतं. ज्या पालकांनी नुकतंच मूल गमावलं आहे त्यांच्यावर तर हा भार लगेच टाकू नये. चालू संस्थेत त्या मुलाच्या नावाचा स्वतंत्र निधी ठेवता येतो, त्याचा हिशेब वेगळा दाखवता येतो.

एखादाच कार्यक्रम करून पैसे जमवायचे असतील आणि संस्था नोंदलेली नसेल, तर गणेश मंडळं दरवर्षी जे करतात ते करा: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज. ज्यांनी मंडळात काम केलं आहे त्यांना हे पाठ असतं. असा एक जुना मंडळवाला तुमच्या गटात जरूर घ्या. परवानगी, मांडव, वीज, लाउडस्पीकर, पोलीस चौकी यांतलं त्याला जे कळतं ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

संस्था काढायचीच असेल तर कागदपत्रं

पुण्यात दोन मार्ग रूढ आहेत. न्यासपत्र करून सार्वजनिक न्यास (म्हणजे ट्रस्ट), किंवा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांची संस्था. दुसऱ्या प्रकारातली धर्मादाय संस्था महाराष्ट्रात पुन्हा न्यास म्हणूनही नोंदवली जाते. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. उद्देशांच्या कलमात "वैद्यकीय मदत" एवढंच लिहून सोडू नका. "बालकर्करोगावरील संशोधनास अर्थसाहाय्य" असे स्पष्ट शब्द घाला, नाहीतर पुढे प्रयोगशाळेला धनादेश देताना लेखापरीक्षक अडवेल आणि त्याचं बरोबरच असेल.

नंतर पॅन, बँक खातं, आणि आयकर खात्याकडची १२ए व ८०जी ची नोंदणी (पहिलीने संस्थेला, दुसरीने देणगीदाराला करसवलत मिळते). नव्या संस्थेला ती आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळते, मुदत संपण्याआधी नियमित करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे आकडे बदलले, पण लोकांच्या तोंडी अजून "ऐंशी जी"च आहे. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा असेल तर सीएसआर-१ हा फॉर्मही भरावा लागतो. धर्मादाय संस्थांचं काम करणारा सीए शोधा. ओळखीतला, फक्त व्यापाऱ्यांचे हिशेब पाहणारा सीए कितीही चांगला असला तरी इथल्या तारखा त्याच्या नजरेतून सुटू शकतात.

कशाला पैसे द्यायचे

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. देणगीदाराला यंत्र द्यायला आवडतं. यंत्रावर पाटी लागते, फीत कापता येते, फोटो निघतो. त्यामुळे बैठकीत कुणीतरी म्हणतं, "एक मोठं मशीन घेऊन देऊ." माझं स्पष्ट मत आहे की छोट्या संस्थेने यंत्राच्या वाटेला जाऊ नये. यंत्राला दरवर्षीचा देखभाल करार लागतो, किट लागतात, चालवणारा माणूस लागतो, आणि ते सगळं कोण देणार हे पाटी लागल्यानंतर कुणी विचारत नाही.

आपल्या आवाक्यातला आणि सर्वाधिक उपयोगाचा खर्च म्हणजे माणसाचा पगार. बालकर्करोग विभागात बसून प्रत्येक मुलाची नोंद ठेवणारी डेटा मॅनेजर, किंवा प्रकल्पावर काम करणारा संशोधन साहाय्यक. अंदाज यावा म्हणून सांगते: केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याच्या २०२३ च्या दरांप्रमाणे कनिष्ठ संशोधन छात्राला, म्हणजे जेआरएफला, महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, घरभाडं भत्ता वेगळा. वर्षाचे भत्ता सोडून ४,४४,००० झाले. शंभर कुटुंबांनी महिन्याला चारशे रुपये दिले की एवढे पैसे उभे राहतात. हे गणित कुठल्याही सोसायटीच्या सभेत फळ्यावर लिहून दाखवता येतं.

ही डेटा मॅनेजर नेमकं काय करते ते एकदा शेजारी बसून पाहा. सकाळी ती आज कोण कोण यायला हवं होतं ती यादी काढते. एक मूल आलेलं नाही. ती वडिलांच्या मोबाइलवर फोन लावते, लागत नाही. मग काकांचा नंबर, मग गावातल्या किराणा दुकानाचा, जो पहिल्याच दिवशी लिहून घेतलेला असतो. पलीकडून कळतं की राजगडच्या पट्ट्यात भातलावणी चालू आहे, आई शेतात आहे, बाळाला ताप नाही, सोमवारी आणतो. ती हे तारखेनिशी नोंदवते आणि विभागातल्या समाजसेविकेला कळवते. अशा शेकडो नोंदी साठल्या की कुठल्या महिन्यांत आणि कुठल्या टप्प्यावर मुलं गळतात, प्रवासखर्च दिला तर फरक पडतो का, हे आकड्यांत सांगता येतं. उपचार अर्धवट सुटणं हे आपल्याकडे मुलं दगावण्याचं एक मोठं कारण आहे, आणि त्यावरचा अभ्यास याच टेबलावर सुरू होतो. देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून एएलएलची जी बहुकेंद्री चाचणी केली, २०१५ साली नोंदवलेली आयसीआयसीएलई-एएलएल-१४, तिचा डोलाराही अशाच रोजच्या नोंदींवर उभा आहे. औषधांचा विषारी परिणाम कमी करून मुलं तितकीच बरी होतात का, हा त्या चाचणीतला एक महत्त्वाचा प्रश्न.

पुण्यात मूलभूत संशोधनाच्या जागाही आहेत. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था. तिथल्या प्रयोगशाळांना मोठं अनुदान सरकारकडून मिळतं. आपली जागा रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या जोडकामात आहे: नमुने उणे ८० अंशांवर जपून ठेवणं, ते वेळेत पोचवणं, एखाद्या तपासणीचे किट, मुलाच्या कुटुंबाचं पुन्हा तपासणीला येण्याचं भाडं.

प्रस्ताव मागवताना संशोधकांना दोन पानांत मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत लिहायला सांगा: प्रश्न काय, किती मुलं लागतील, किती महिने, पैसा कशावर खर्च होणार. शास्त्रीय बाजू तपासायला विषयातले, पण त्या विभागाशी संबंध नसलेले दोन जाणकार घ्या. हे काम बहुतेक डॉक्टर मानधनाशिवाय करतात, फक्त विनंती वेळेवर करा. आणि ज्या विश्वस्ताचा नातेवाईक अर्जदार असेल त्याने त्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर थांबायचं, तसं इतिवृत्तात लिहायचं.

पैसे सोडण्याआधी तीन कागद हातात हवेत. संशोधन करणाऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत एथिक्स कमिटीची (नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी. औषधांची चाचणी असेल तर सीटीआरआय, म्हणजे राष्ट्रीय चाचणी नोंदवहीतला क्रमांक. आणि त्या संस्थेच्या अधिकाऱ्याच्या सहीचा सामंजस्य करार, केवळ डॉक्टरांच्या सहीचा चालत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर मुलाचीही मान्यता घ्यायची असते, ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढच्याची लेखी. हे काम संशोधकाचं असलं तरी ते झालं का, एवढं आपण विचारावं.

पैसे जमवणं

पुण्यात जागांची कमतरता नाही. गणेशोत्सव बहुतेकदा ऑगस्ट-सप्टेंबरातच येतो, त्यामुळे जागृतीचा महिना आणि मांडवातली गर्दी जवळजवळ एकत्र मिळते. आरतीनंतरची दोन मिनिटं बोलायला मागून घ्या, त्याहून जास्त मागू नका. दिवाळीत फराळाचा स्टॉल, कोजागरीला गच्चीवरचं गाणं, सोसायटीची रद्दी, शाळेचं गॅदरिंग, सिंहगडाची सकाळची चढाई. नाट्यगृह भाड्याने घेऊन कार्यक्रम करण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा. भाडं, ध्वनिव्यवस्था, कलाकारांचं मानधन यांत जमलेल्यातला मोठा भाग जातो आणि कार्यकर्ते महिनाभर दमतात. १५ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन असतो. तो परीक्षांच्या तोंडावर येतो म्हणून त्या दिवशी फक्त देणगीदारांना पत्र जातं, कार्यक्रम नसतो.

रविवारी सकाळी सोसायटीत टेबल लावलंत की एक काका येतील, पत्रक चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचतील आणि विचारतील, "यातले खर्चात किती जातात?" यांच्यासाठी एका पानाचा मागच्या वर्षीचा हिशेब टेबलावर हवाच: जमा किती, छपाई-टपाल-लेखापरीक्षणाला किती, संशोधनाला किती, शिल्लक कुठल्या बँकेत. काका समाधानाने मान हलवतील, कदाचित एक चूक काढतील, आणि पावती फाडून घेतील. पुढच्या वर्षी इतरांना ओढून आणणारेही तेच असतात.

पावतीवर नाव, पत्ता, पॅन, रक्कम अक्षरी आणि पैसे कसे आले हे लिहा. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०जी साठी धरली जात नाही, हे घेण्याआधीच सांगा. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते हेही सांगा, उगाच आशा लावू नका. यूपीआयचा क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यात "तात्पुरते" घेतलेले पैसे, माणूस कितीही सचोटीचा असला, संस्थेच्या नावाला डाग लावतात. निनावी डब्यांचा भर ठेवू नका, कारण नाव-पत्त्याशिवायची देणगी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर त्यावर ३० टक्के कर लागतो. डबा उघडताना दोघांनी मोजावं, दोघांनी सही करावी. वर्ष संपल्यावर देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरून त्यांना प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यासाठी पॅन लागतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी घ्या.

ज्यांची मुलं परदेशी आहेत अशी घरं पुण्यात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्याकडून देणगी यायला वेळ लागत नाही. इथे थांबा. पाठवणाऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले असतील तर अडचण नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी पैसा ठरतो आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असूनही तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणजे रुग्णालयाला अनुदान देणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा उपयोग जवळजवळ नाही. अशा दात्याला पुण्यातल्या आईवडिलांनी त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नातून द्यावं असं सुचवावं, किंवा नम्रपणे नाही म्हणावं.

मुलांचे फोटो, मुलांच्या गोष्टी

केस गेलेल्या मुलाचा फोटो लावला की पैसे जास्त जमतात, हे खरं आहे. आम्ही लावत नाही. ते मूल बरं होऊन उद्या फर्ग्युसनला किंवा सीओईपीला जाईल, तेव्हा तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेलच. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. पण संमती मागितली तरी वॉर्डात बसलेला बाप नाही म्हणू शकत नाही, कारण त्याला वाटतं की नाही म्हटलं तर उपचारावर परिणाम होईल. म्हणून विचारूच नये. बरी झालेली, आता मोठी झालेली मुलं-मुली स्वतःहून बोलायला आली तर त्यांचं जरूर ऐका, त्यांना माइक द्या, आणि काय सांगायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

उपचारासाठी फोन येईल तेव्हा

तुमचा नंबर पत्रकावर छापला की पालकांचे फोन येणारच. "आमचा निधी संशोधनासाठी आहे" एवढं सांगून फोन ठेवणं क्रूरपणा आहे. एक कागद तयार ठेवा: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, तिचं आरोग्यमित्र केंद्र, धर्मादाय रुग्णालयांमध्ये निर्धनांसाठी राखीव १० टक्के मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीच्या खाटा, मुख्यमंत्री सहायता निधी, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाचं नाव सांगा आणि शक्य असेल तर एक कार्यकर्ता बरोबर पाठवा. संशोधनाच्या खात्यातून मात्र एक रुपयाही काढू नका, कितीही जीव तुटला तरी. देणगीदाराने तो ज्यासाठी दिला त्यासाठीच खर्च व्हायला हवा.

पैसे दिल्यानंतर

अनुदान एकरकमी देऊ नका. पहिला हप्ता सुरुवातीला, दुसरा सहामाही अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र आल्यावर. २०२३ च्या वित्त कायद्यापासून दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच आपला खर्च म्हणून धरली जाते. बहुतेक रुग्णालयं न्यासाचीच असल्यामुळे हप्ता ठरवताना सीएला आधी विचारा.

अहवालात कधी "अपेक्षित फरक आढळला नाही" असं येईल. देणगीदारांच्या सभेत ते तसंच वाचून दाखवा. एखाद्या उपायाने फायदा होत नाही हे कळलं की पुढच्या मुलांना तो त्रास नको तेव्हा दिला जात नाही, आणि सभेत बसलेल्या लोकांना हे समजतं. संशोधकाला स्वतः बोलवा, वीस मिनिटं बोलायला आणि तेवढीच प्रश्नांना द्या.

पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करा आणि त्याच आठवड्यात बँकेतल्या सह्या बदला. जुन्या खजिनदाराकडून उरलेली पावती पुस्तकं क्रमांकासह मोजून घ्या, क्यूआर कोड कुणाच्या मोबाइलला जोडला आहे ते पाहा, आयकर पोर्टलचा पासवर्ड लिहून घ्या. नव्या खजिनदाराला पहिली तिमाही जुन्याबरोबर बसवा, मग किल्ल्या द्या.